इया एनांगाच्या झाडाची आंघोळ

झाडाला तेल चोळून वोलोकोने, सगळ्यांच्या मोलाने म्हणजे दादाने, पहिल्याच आठवड्यात घोळ घालून ठेवला. तोही प्रेमाने. पामच्या बियांचं काळं तेल, जे त्यांच्या लिंबे गावात तान्ह्या बाळांच्या अंगाला चोळतात, ते त्याने तळहातावर कोमट करून एकेका पानाला जिरवलं.

झाड इया एनांगाचं. ती सुईण, सगळ्यांची इया म्हणजे आई, आणि वोलोको ज्या खोलीत शिवणाचं मशीन चालवी त्या खोलीची मालकीण. दुआला शहरात मुलीचं बाळंतपण काढायला निघाली, तेव्हा दिवाणखान्यातलं हे अंजिराच्या कुळातलं झाड तिने त्याच्याकडे आणून ठेवलं. पानं हातभर, वीणेच्या भोपळ्यासारखी. रानात ते दुसऱ्या झाडाच्या खांद्यावर बसून वाढतं. इथे पिंपात बसून छताला टेकलं होतं.

"मोला, माझ्या लेकाला ही खोली मोबाइलच्या दुकानासाठी हवीय," जाताना ती म्हणाली. "मी अजून हो म्हटलेलं नाही. झाड सांभाळ, आल्यावर बघते."

"एक पान गळू देणार नाही, इया."

"आणि गळलं तर?"

"तर तुला पायघोळ काबा शिवून देईन. फुकट."

"तुझ्या हातचा काबा? तो तयार होईपर्यंत माझी नात लग्नाला येईल."

वोलोकोला मळकट काही बघवत नसे. मशीनचं चाक, दाराची कडी, स्वतःचं टक्कल, सगळं तो तेल लावून चकाकवी. त्यात उत्तरेचा कोरडा, धुळीचा वारा सुटला आणि पानं राखाडी दिसू लागली. मग काय, बाटली निघाली.

दोन दिवस झाड नवरीसारखं चमकलं. मग रस्त्यावरची सगळी धूळ त्या तेलावर येऊन बसली, पानांवर चिखलाचा थर धरला. वोलोकोने त्यावर आणखी तेल लावलं. आता पानं गळू लागली. चामड्याची चप्पल पडावी तसा आवाज व्हायचा, आणि दर आवाजाला त्याची शिवण वाकडी जायची. खोली गेली तर मशीन कुठे मांडायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

समोर पिठाचे गोळे तळणारी नामोंडो रोज बघत होती. "मोला, तळायला घेतलंयस का झाड? आण इकडे, कढई तापलीय."

"बाळाला चालतं, मग झाडाला का चालू नये?"

"बाळाला आंघोळ घालतात रे आधी. तू धुळीवरच चोळलंस."

वोलोकोने मशीनवर कापड टाकलं आणि पाणी तापत ठेवलं. सुईण बाळाची मान धरते तसा प्रत्येक पानाखाली हात घालून त्याने साबणाच्या पाण्याने पान धुतलं, दोन्ही बाजूंनी. कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात त्याने चिंधीच दिली. संध्याकाळी पिंप खिडकीशी सरकवलं. माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. बाकी झाडाला हात लावायचा नाही, आणि हेच सगळ्यात जड गेलं.

एका सकाळी शेंड्याचं तपकिरी टोपण फुटलं. आतून पोपटी पान डोकावलं, बिनतेलाचं, चकचकीत. वोलोको हात पाठीमागे बांधून त्याच्याकडे बघत राहिला.

एनांगा आली. तिने खोड हुंगलं.

"तेल?"

"थोडंसं."

"खरं सांग."

"बाटलीभर. पण नंतर आंघोळ घातली."

डोक्याचा फडका तोंडावर धरून ती हसत सुटली, ती त्याच्या स्टुलावर बसेपर्यंत. "लेकाला सांगितलंय," ती म्हणाली, "दुकान बाजारात बघ म्हणून. त्याला स्वतःच्या पोरालाही आंघोळ घालता येत नाही."

वोलोकोने श्वास सोडला, तो एवढा मोठा की मशीनवरचे दोऱ्याचे तुकडे उडाले.

"आणि माझा काबा?"

"माप घ्यावं लागेल, इया."

"काबाला कधीपासून माप लागायला लागलं? दोन बायका मावतात त्यात."

"म्हणूनच नीट घ्यावं लागेल."

शेंड्याला त्यानंतर आणखी दोन पानं आली. काबाचं कापड मात्र अजून मशीनखाली घडीतच आहे.