काचेची वाट आणि आर्वोची खोली

आर्वो लाहती चार वाक्यं सलग बोलला, तर हार्लो गावात त्याची बातमी होई. मिशिगनच्या उत्तर टोकावरच्या त्या गावात, तांब्याच्या खाणीच्या संग्रहालयात, तो एकतीस वर्षं देखभालीला होता. दोन जुन्या दगडी इमारती, मध्ये अंगण. त्या काचेच्या मार्गाने जोडायचं ठरलं, तेव्हा प्रत्येक बैठकीत हा गडी तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

आराखडा तरुण वास्तुविशारद नोरीन टकरचा. तिचं हे पहिलंच मोठं काम, आणि सोमवारी त्याला मंजुरी मिळायची होती. शुक्रवारी दुपारी आर्वो तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"जेवलीस का, पोरी?"

"नाही अजून."

"मग चल अंगणात. कोट घाल."

मार्चचं ऊन पडलं होतं. भिंतीपासून लांबच्या बाकावर बसून त्याने बायकोने केलेली पास्ती, म्हणजे खाणकामगारांची भाजलेली जाडजूड करंजी, मोडली आणि मोठा तुकडा तिला दिला. आतला मांस-बटाटा अजून गरम होता.

"आर्वो, आपण कशाची वाट बघतोय?"

"खा. कळेल."

शेवटचा घास हातात होता, तेवढ्यात इमारतीच्या उतरत्या पत्र्याच्या छपरावर घरघर झाली. हिवाळाभर साचलेला बर्फ एकदम सुटला आणि नेमका तिच्या काचेच्या मार्गाच्या जागी आदळला. नोरीन ताडकन उभी राहिली. आभाळातून पडणाऱ्या बर्फाचं वजन तिने हिशेबात धरलं होतं. शेजारच्या छपरावरून घसरणारा बर्फ तिच्या गावीही नव्हता. मोजमापं जुलैत घेतली होती ना.

"बैठकीत का नाही बोललात?"

"चारचौघांत तुझी शोभा कशाला करू?"

दोन दिवस खपून तिने मार्ग टोकाच्या भिंतीकडे नेला. छपराचा उतार त्या बाजूला नव्हता, म्हणून तिथे बर्फ घसरत नव्हता. पण तिथेच आर्वोची खोली होती, त्याची हत्यारं, शेगडी, टेबल, खुर्ची. ती पाडावी लागणार होती. रविवारी हे सांगायला ती गेली खरी, पण जीभ रेटेना.

दार उघडंच होतं. फळ्या रिकाम्या, खोकी दोरीने बांधलेली.

"हे कधी आवरलंत?"

"बुधवारी."

म्हणजे तिला अंगणात नेण्याच्या दोन दिवस आधी.

"तुझ्या वाटेला दुसरी जागाच नाही गं," आर्वो म्हणाला. "आणि काचेखालून माणसं चालणार."

नोरीनचे डोळे भरून आले. या माणसाचे आभार कुठल्या तोंडाने मानायचे, ते तिला कळेना. तो उचलू लागला होता त्या जड टेबलाचं दुसरं टोक तिने नुसतं धरलं.