रुसलेल्या व्याह्याचा श्वास

रुसण्यात माझ्या व्याह्याचा हात धरणारा माणूस सालेकशापासून देवरीपर्यंत कुठंही दाखवा, मी मिशी उतरवून देतो. पोरीच्या लग्नात म्हणे मी त्यांना फाटकी पत्रावळ वाढली अन् कढी नव्या धोतरावर सांडली. पत्रावळी मी स्वतः टाचल्या होत्या. फाटकी असणं शक्यच नाही. तेव्हापासून नऊ वर्षं महाराज माझ्याशी बोलत नाहीत. घरी मात्र नेमानं येतात, माझ्याकडे पाठ करून बसतात, माझाच चहा पितात अन् भिंतीला म्हणतात, "त्यायले सांगा, साखर कमी हाय." भिंतीनं अजून मला निरोप दिलेला नाही.

यंदा धानाच्या बांधीत घसरले अन् खुब्याचं हाड मोडलं. गोंदियात ऑपरेशन झालं, दुखणं मारायची भारी सुई दिली. भारीच ती! दुखणं गेलं, ओकारी आली, नाकाला खाज सुटली, लघवी अडली. मी लग्नात दिला नाही एवढा आहेर त्या एका सुईनं दिला. जावई औषध आणायला खाली गेला, खाटेपाशी मी एकटाच, अन् इकडे यांचे डोळे मिटले. सिस्टर धावली, नाकाला नळी लावत म्हणाली, "बाबाजी, सुईनं यांचा श्वास हळू होऊन राहिला. डॉक्टर येतच आहेत. तोवर यांना झोपू देऊ नका, बोलतं ठेवा."

घ्या! कोणाला सांगते ही बाई!

"व्याहीबुवा, बोला जी."

नाक खाजवत पुटपुटले, "सिस्टर... त्यायले सांगा... मी बोलून नाई राहिलो."

"काऊन नाई बोलत?"

"पत्रावळ..."

मग काहीच नाही. छाती खाली गेली ती वर येईना. मी कानाशी वाकलो.

"फाटकी होती जी! माह्या हातची पत्रावळ फाटकी होती!"

एक लांब श्वास आला. अर्धा डोळा उघडला. "मोठ्यानं बोला. सिस्टरले आयकू द्या."

डॉक्टर येऊन उताऱ्याची सुई देईपर्यंत मी ते सगळ्या वॉर्डाला ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी महाराजांना काही आठवेना. रुसवा जसाच्या तसा. पुढं पाच दिवस पोट साफ झालं नाही, त्याचा दोषही भिंतीला सांगून माझ्याच पत्रावळीवर टाकला. मीही कबुलीचं नाव काढलं नाही. पत्रावळ फाटकी नव्हतीच.

आता काठी टेकत येतात अन् पाठ करून बसतात. माझ्या कपातला चहा मात्र निवून जातो. ते गप्प झाले की मी त्यांच्या सदऱ्याकडे बघत राहतो. पाठ वर आली, खाली गेली. परत वर आली.