भिंतीवरचे तीन नंबर

नेमसर्व्हरचा पत्ता बदलायला दोन मिनिटं लागतात आणि तो बदलला की नाही, यावर दोन दिवस वाद चालतो. त्यामुळे लोकांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या आमच्या सातपूरच्या ऑफिसात किश्शांना तोटा नाही!

वेबसाइटचं नाव टाइप केलं, की ती कुठल्या सर्व्हरवर आहे हे सांगतो तो नेमसर्व्हर. आमचे असे दोन आहेत. त्यांचा आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता बदलला, की दोन्हींचे नवे आकडे सगळ्यांना दिसायला हवेत.

*

पहिल्या बदलानंतर आमच्याकडे सर्व्हर बघणाऱ्या शकीलभाईंनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर तपासलं आणि पेढे वाटले. तेवढ्यात निफाडच्या जाधवांचा फोन. त्यांची द्राक्षं परदेशात जातात, ऑर्डरी वेबसाइटवर येतात.

"पेढे खा निवांत! माझी साइट कुठं हाय?"

शकीलभाईंनी चाचणीसाठी नवा पत्ता स्वतःच्याच कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवला होता!

माझे यजमान, ज्यांना ऑफिसात मीही साहेबच म्हणायचे, एवढंच बोलले, "शकील, अख्ख्या नाशकात साइट फक्त तुलाच दिसतेय."

*

साहेब आधी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. बनवणाऱ्यानं स्वतःचा माल पास करायचा नाही, हा तिथला नियम त्यांनी इथे आणला. भिंतीवर तीन नंबर चिकटवले. ओझरची माझी बहीण सुमन, निफाडचे जाधव आणि शेवटचा स्वतःचा. पहिल्या दोघांनी आपापल्या मोबाइलवर आकडे वाचून दाखवायचे. साहेब खाली चहाच्या टपरीवर जाऊन मोबाइलवर पाहायचे आणि शेवटचा फोन घ्यायचे, "माल पास!"

*

सुमन पहिल्यांदा म्हणाली, "ताई, तुला कुठले आकडे हवेत? तेच सांगते!"

जाधवांनी तर मोबाइल न उघडताच धडाधड आकडे सांगितले. सगळे जुने! "मागल्या खेपेला लिहून ठेवलेले. म्हटलं, तेच असतील!"

*

साहेब जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्याशिवायचा पहिला बदल परवा झाला. जुना सर्व्हर पाचला बंद होणार होता. सकाळीच जाधवांचा फोन.

"वहिनी, राग मानू नका. साहेब होते तवर घोर नव्हता. आज साइट पडली, तर मी दुसरीकडं जाईन."

तीनला सुमनला फोन लावला. "ताई, एक नवा, एक जुना. खोटं सांगू का?"

"नको!"

शोधलं. दुसऱ्या नेमसर्व्हरचा नवा आयपी आम्ही आमच्याकडे भरला होता. डोमेन, म्हणजे आमचं इंटरनेटवरचं नाव जिथे नोंदवलं होतं, त्या कंपनीकडे जुनाच राहिला होता. मी तो बदलला आणि आम्ही घड्याळाकडे बघत बसलो.

साडेचारला सुमन म्हणाली, "दोन्ही नवे! खरंच!"

जाधवांनी बागेत उभं राहून एकेक आकडा वाचला. या खेपेला मोबाइल उघडून. मग म्हणाले, "वहिनी, मी कुठं नाय जात."

शकीलभाईंनी आनंदाच्या भरात, सवयीनं तिसरा नंबर लावला.

माझ्या पर्समध्ये साहेबांचा फोन वाजला.

शकीलभाईंचा चेहरा उतरला. "वहिनी, चुकून..."

मी फोन घेऊन खाली टपरीवर गेले. दोन्ही आकडे पाहिले. मग वर फोन लावला.

"माल पास!"