टिपणीसकाकांच्या जुडग्यातली चौथी किल्ली

इंगोलश्टाटच्या मराठी मंडळात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी की, १९९० साली कुवेत हा देश टिपणीसकाकांमुळे हरला. इराकी रणगाडे सरहद्द ओलांडून आले तेव्हा कुवेती सैन्याच्या गाड्यांची किल्ली काकांच्या खिशात होती आणि काका घरी घोरत पडले होते. दर संक्रांतीला तिळगुळाबरोबर कोणीतरी ही गोष्ट वाटतंच, आणि तीही काका समोर बसलेले असताना. काका हसतात. हसताना त्यांचा हात खिशाकडे जातो.

गोष्ट खोटी आहे. काकांमुळे देश हरला नाही. फार तर अकरा ट्रक हरले. किल्ली गाड्यांची नव्हती, बॅटऱ्यांच्या खोलीची होती. आणि काका घोरत नव्हते, दाढी करत होते.

वयाने श्रीरंग टिपणीस माझे आजोबा शोभतील, पण मंडळात ते सगळ्यांचेच काका. मूळचे मिरजेचे. अठ्ठ्याहत्तर साली कुवेतला गेले, जहरा गावातल्या एका कंत्राटदाराच्या गॅरेजमध्ये स्टोअरकीपर म्हणून. बायको यमुनाकाकू आणि मुलगा कुमार मिरजेत, काका बारा वर्षं तिकडे एकटे. काका परत आल्यावर कुमारदादा शिकायला पुण्याला गेला, मग जर्मनीला. दोन वर्षांपूर्वी यमुनाकाकू गेल्या आणि कुमारदादा काकांना इथे घेऊन आला. तो गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, नीलिमावहिनी एका बँकेत. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही तळमजल्यावर. त्यामुळे त्यांच्या घरातले सगळे आवाज मला येतात, ऐकायलाही आणि काढायलाही.

कुमारदादाचा आवाज सोपा आहे: "आल्झो बाबा, दार ओढलं की आपोआप लागतं, किल्ली घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, गेनाऊ, कळलं?" नीलिमावहिनी जिन्यातून उतरता उतरता: "अहो बाबा, थर्मासमध्ये चहा आहे, आणि कचऱ्याची पिवळी पिशवी आज बाहेर ठेवायची नाही हं, उद्या." सात वर्षांचा वेद आजोबांचं मराठी सगळं समजतो आणि उत्तर जर्मनमध्ये देतो, तेही एका शब्दात. सात वाजता घर रिकामं होतं ते संध्याकाळी साडेपाचला भरतं.

मधल्या वेळात काका बसस्टॉपवर बसतात. कुठे जायचं नसतं. बसस्टॉपवर बसलं की लोक "ग्र्यूस गॉट" म्हणतात, आणि काका त्यांना उलट "ग्र्यूस गॉट" म्हणतात. दिवसाचं बोलणं तेवढं. पहिले काही आठवडे ड्रायव्हर बस थांबवायचे आणि काका हाताने "जा, जा" करायचे. आता बस थांबत नाही. ड्रायव्हर एक बोट वर करतो, काकाही करतात.

किल्ली मात्र ते कधी विसरत नाहीत. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक जण वर्षातून एकदा तरी दाराबाहेर अडकलाय, काका नाही. त्यांच्या जुडग्यात चार किल्ल्या आहेत. एक घराची, एक तळघराची, एक टपालपेटीची. चौथी पितळी, आणि या बिल्डिंगमध्ये ती कशालाच लागत नाही.

चौथीची गोष्ट मला या सप्टेंबरात कळली. उन्हाळ्यात जॉर्जियातल्या लढाईच्या बातम्या येऊन गेल्या होत्या, त्यावरून आमच्या इतिहासाच्या बाई फ्राउ लेर्खे यांनी वर्गाला विषय दिला होता: लहान देश इतक्या लवकर का हरतो? प्रत्येकाने एक देश निवडून वर्गापुढे बोलायचं. मी कुवेत घेतला. म्हटलं, लायब्ररीत कशाला जा, हरवणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो.

काकांनी दार उघडलं, मला आत घेतलं, विषय ऐकला आणि टीपॉयवरची वर्तमानपत्रं उचलून खाली ठेवली. मग रिमोट आडवा ठेवला. "हे मुतलाचं टेकाड," म्हणाले. "इकडे सरहद्द, तिकडे शहर. वेद, तुझे ट्रक दे रे जरा."

"नाइन," वेद म्हणाला.

"बरं. मग साखरेचे क्यूब घेऊ." काकांनी क्यूब मांडले. "कसंय ऊर्जा, शूर आणि भित्रे हे नंतर. आधी अंतर बघ. सरहद्दीपासून शहर म्हणजे इथून म्युनिक, वर थोडं. मध्ये नदी नाही, जंगल नाही, डोंगर म्हणायला हा एवढा रिमोट. आणि रस्ता? लोण्यासारखा. आपल्यासाठी बांधलेला, पण रस्त्याला काय, तो कोणालाही नेतो."

"आणि सैन्य?"

"तिकडे लाखभर. इकडे सोळा हजार, त्यातले कितीतरी रजेवर. ऑगस्टात पन्नास डिग्री असतं तिकडे, ज्याला जमेल तो बाहेरगावी. जुलैत सैन्य तयार ठेवलं होतं. मग वरच्यांना वाटलं, हे चिथावल्यासारखं दिसतं. शेजारी भडकायचा. म्हणून ढिलं केलं. बोलणी चालू होती, मिटेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. मलाही. आठ वर्षं तो शेजारी इराणशी लढत होता तेव्हा यांनीच मदत केली होती त्याला. अशा माणसासाठी कोणी दाराला अडसर लावतं का?"

त्यांनी सगळे क्यूब एका हाताने रिमोटवरून सरकवले. दोन सेकंद लागले.

"असं झालं. पण पळाले असं लिहू नकोस हं. एक ब्रिगेड जहऱ्याजवळ उभी राहिली. गोळे संपेपर्यंत लढली, मग सौदीकडे गेली. ते लिही."

मी लिहिलं. मग विचारलं, "आणि तुमची किल्ली?"

काका थोडा वेळ क्यूब परत डब्यात भरत बसले. मग सांगितलं.

त्यांच्या गॅरेजमध्ये सैन्याचे ट्रक दुरुस्तीला यायचे. त्या उन्हात उभ्या गाडीतली बॅटरी पंधरा दिवसांत मरते. म्हणून काकांनी नियम काढला: दुरुस्त होऊन उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी काढायची, आतल्या कूलरच्या खोलीत ठेवायची, कुलूप लावायचं, किल्ली स्टोअरकीपरकडे. नियम काकांचा, मॅनेजरला त्यांनीच पटवलेला. बॅटऱ्या मरायच्या बंद झाल्या. सगळे खूष. तिकडे तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी. बुधवारी संध्याकाळी काकांनी कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन घरी गेले. अंगणात अकरा ट्रक उभे, एकातही बॅटरी नाही.

गुरुवारी सकाळी साडेसहाला फोन आला. फहद नावाचा लेफ्टनंट, चोवीस वर्षांचा पोरगा. ट्रक न्यायला-आणायला तोच यायचा आणि काकांच्या डब्यातलं लिंबाचं लोणचं खाऊन जायचा. अरबीत 'प' नाही, म्हणून तो काकांना 'तिबनीस' म्हणायचा. म्हणाला, तिबनीस, ते आलेत. माझ्याकडे चाळीस माणसं आहेत, गाडी एक नाही. किल्ली आण.

"मी म्हटलं, आलो. अर्धी दाढी तशीच. डॅटसन काढली. रिंगरोडला लागलो तर समोरून रणगाडे. मला वाटलं आपलेच. मग झेंडा दिसला. गाडी वळवली." काका थांबले. "वळवताना इंडिकेटर दिला मी. रस्त्यावर तो रणगाडा आणि मी, आणि मी इंडिकेटर दिला."

त्यानंतर फोन बंद. महिनाभर खोलीत, मग बसने बगदाद, अम्मान, तिथून विमानाने मुंबई. किल्ली खिशात.

"फहदचं काय झालं?"

"माहीत नाही."

"त्याचा नंबर?"

काकांनी नंबर एका दमात म्हटला, वेदला पाढा म्हणून दाखवतात तसा.

"मग कधी फोन नाही केलात?"

"केला आणि त्याच्या आईने उचलला तर? काय म्हणू तिला? किल्ली माझ्याकडे आहे?"

माझं बोलणं वर्गात बरं झालं, फ्राउ लेर्खेंनी चांगले मार्क दिले. किल्लीचं मी त्यात घातलं नव्हतं. ते मी दिवाळीसाठी ठेवलं होतं.

दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या नकला असतात. यंदा शेवटची टिपणीसकाकांची. मी अर्ध्या गालाला साबणाचा फेस लावला, खिसा चाचपला, आणि म्हटलं, "कसंय, कसंय, समोर रणगाडा, आणि मी इंडिकेटर दिला." हॉल हसून कोसळला. कुमारदादाही हसला, त्याने हे इंडिकेटरचं कधी ऐकलंच नव्हतं. मागे दारापाशी काका उभे होते, हातात चिवड्याची बशी. त्यांनी बशी खिडकीत ठेवली आणि कोट घेतला.

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपचा बाक रिकामा. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बस आमच्या स्टॉपवर हळू झाली, ड्रायव्हरने बाकाकडे पाहिलं आणि पुढे गेली. मी खिडकीत होते.

"बघ," आई मागून म्हणाली. माझी आई, शैला, आवाज न चढवता बोलली की त्याची नक्कल करता येत नाही. "खरं काय झालं ते त्या माणसाने अठरा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, ते तुला सांगितलं. आणि तू काय केलंस? जा वर."

त्या गुरुवारी शाळेतून आल्यावर मी वर गेले. काकांनी दार उघडलं.

"काय गं पोपट."

"काका, सॉरी."

"नक्कल चांगली होती. एक चुकलं. मी 'कसंय' दोनदा नाही म्हणत."

घरात कोणी नव्हतं. टीपॉयवर थर्मास, एक कप. मला माफी मागून खाली पळायचं होतं, पण काकांनी दुसरा कप आणला. चहा ओतून झाला. मग मी नेहमी करते ते केलं, डिवचलं.

"तो नंबर आता लागणारच नाही. अठरा वर्षं झाली."

"लागेल."

"पैज?"

काकांनी कप खाली ठेवला. "काय?"

"हरलात तर गोष्ट तुम्ही स्वतः सांगायची. मंडळासमोर. पूर्ण."

"आणि तू हरलीस तर मी सांगेन त्याची नक्कल करायची. इथे. मंडळ नाही, कोणी नाही."

मी फोन स्पीकरवर टाकला. काकांनी आकडे दाबले, सावकाश, एकेक. तीन टुंग-टुंग आणि एका बाईचं रेकॉर्ड केलेलं बोलणं. अशी बाई कुठल्याही भाषेत एकच गोष्ट सांगते.

"जिंकले," मी म्हटलं आणि फोन बंद करायला हात पुढे केला.

काकांनी बोट वर केलं, बसड्रायव्हरला करतात तसं. ऐकत राहिले. ओठ हलत होते. "नंबर बदललेत सगळे. गेल्याच महिन्यात," म्हणाले. "आधी दोनचा आकडा लावायचा."

दोन लावला. रिंग वाजली. पाचव्या रिंगला एका मुलीने उचललं, माझ्याच वयाची असेल. मागे टीव्ही चालू होता. काका अरबीत बोलले. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता: जाड, भरभर, घशातून येणारा. माझ्या संग्रहात नसलेला. मला तीनच शब्द कळले. जहरा. तिबनीस. फहद.

मुलीने कोणाला तरी हाक मारली. रिसीव्हर कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. काका उभे राहिले. किल्ल्यांचं जुडगं मुठीत. टीव्हीतली माणसं बोलत राहिली, मग कोणीतरी टीव्ही बंद केला.

"मन?" एका पुरुषाचा आवाज, अरबीत 'कोण' विचारणारा.

"तिबनीस," काका म्हणाले. आपलं नाव त्यांनी तसंच घेतलं, 'ब' लावून.

तिकडून हसू आलं, आधी नाकातून आणि मग पोटातून, आणि एक वाक्य. काका खाली बसले. त्यांनी काहीतरी तुटक विचारलं. तिकडचा माणूस आणखी हसला, मग हसता हसता त्याचा आवाज ओला झाला, आणि बराच वेळ तोच बोलत होता.

फोन ठेवल्यावर काकांनी आधी चहा संपवला. गार झाला होता.

"कुलूप फोडलं म्हणाला. वीस मिनिटं माझी वाट पाहिली, मग जॅकच्या दांड्याने फोडलं. चार ट्रकना बॅटऱ्या बसवल्या आणि चाळीसच्या चाळीस माणसं सौदीला नेली."

"म्हणजे किल्ली लागलीच नाही?"

"नाही." मग जरा नाराजीने: "चांगलं कुलूप होतं. मी विचारलं, नवीन लावलंस का रे मग?"

"आणि शेवटी काय सांगत होता एवढं?"

"म्हणाला, मी तुला फोन करून घराबाहेर काढलं, तू वाटेत सापडलास की काय असं अठरा वर्षं वाटत होतं."

काकांनी जुडगं टीपॉयवर ठेवलं, रिमोटच्या शेजारी. खाली रस्त्यावरून बस गेली. मी म्हटलं, "आता रोज बोला की त्याच्याशी."

"सणासुदीला करीन. त्याचं घर भरलेलं आहे गं. रोज थोडंच." मग माझ्याकडे वळले. "हं. हरलीस."

हरले होते. मी उठले, अर्धा गाल पुसला, खिसा चाचपला आणि "कसंय" म्हटलं. एकदाच.

"मी नाही," काका म्हणाले. "तो."

"मला अरबी कुठे येतं?"

"कान आहे ना तुला."

मग मी श्वास घेतला, हसू आधी नाकातून आणलं, मग पोटातून, आणि ऐकलं होतं तसं म्हटलं, "कसरना-ल-गुफल, या तिबनीस." कुलूप फोडलं आम्ही, टिपणीस.

नक्कल किती वेळा करायची, हे पैज लावताना मी ठरवून घेतलं नव्हतं. काकांनी डोळे मिटले, मान मागे टेकवली आणि म्हणाले, "परत."