भिकाऱ्यांच्या पंगतीत

मी स्वाभिमानी माणूस आहे, हे मी आजही मान वर करून सांगतो. त्यातला बराचसा भाग निव्वळ ताठा होता, हे कळायला मात्र शेजारणीच्या घरचे जेवण लागले.

गोव्यात हरमलला आमच्या घराला लागून एका ख्रिस्ती बाईचे घर आहे. तिचा नवरा सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि मी त्याच खाणीवर सुपरवायझर होतो. खाण बंद पडल्यावर मी गावी येऊन पर्यटकांना खोल्या भाड्याने देऊ लागलो. तिचा नवरा गेल्या वर्षी वारला. यंदा त्यांच्या मुलीचे लग्न ठरले, आणि लग्नाच्या आठवडाभर आधी ती बाई आमच्या अंगणात आली.

"भाई, बुधवारा आमगेर भिकाऱ्यांचें जेवण. एक मनीस उणो पडटा. तुमी येवन बसात."

त्यांच्यात लग्नाआधी घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने भिकाऱ्यांना जेवू घालतात, प्रार्थना करून, मानाने वाढून. हल्ली भिकारी मिळत नाहीत. आमच्या किनाऱ्यावर फाटक्या कपड्यांत हिंडतात ते हौसेने गरीब झालेले परदेशी. म्हणून शेजारीपाजारी त्या जागी बसतात. हे सगळे मला ठाऊक होते, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. खोल्यांना एसी लावलेला मी, आणि भिकारी?

"बघतो," एवढेच म्हणून मी आत गेलो.

बायकोने सगळे ऐकले होते. "तिणें जेवूक आपयला, झोळी घेवन येवा म्हणूंक ना," ती म्हणाली. "घोवाच्या नांवान पान वाढता ती. तें रितें रवतलें काय?"

नवऱ्याच्या नावाचे ते रिकामे पान काही डोळ्यांपुढून हलेना. बुधवारी दुपारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. इस्त्रीचा मुद्दाम, उगाच कोणाचा गैरसमज नको.

जेवणाआधी सगळे देव्हाऱ्यासमोर गुडघ्यांवर बसले. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. प्रार्थना कोकणीतच होती, त्यामुळे शब्द न् शब्द कळत होता. आमचा रोजचा घास आज आम्हाला दे, असे बाई म्हणत होती. नवरी म्हणत होती, गळ्यात जाड साखळी घातलेला, दुबईहून आलेला मामा म्हणत होता. आत भाताचे टोप भरलेले होते आणि ते अख्खे घर हात जोडून घास मागत होते. मी ज्याला कमीपणा समजत होतो, तो इथे यजमानापासूनच सुरू होत होता, आणि त्याने कोणी लहान झालेले दिसत नव्हते. माझ्या शेजारी मासे विकणारी म्हातारी होती. तिने माझ्या शर्टाचे टोक धरून खाली ओढले. मी गुडघे टेकले.

खाली गेल्यावर एक गोष्ट आठवली. सुर्ल्याला माझ्या केबिनमध्ये दोन खुर्च्या होत्या. तिचा नवरा रोज चिठ्ठीवर सही घ्यायला यायचा, डोक्यापासून पायापर्यंत लाल धुळीने माखलेला. सही होईपर्यंत तो उभा असायचा. सख्खा शेजारी, पण खुर्ची लाल होईल म्हणून मी त्याला कधी बस म्हटले नाही. त्याने हे घरी सांगितले नसणार, नाहीतर ती माझ्या अंगणात कशाला आली असती? मला लाज वाटली, अगदी मनापासून.

मग आम्ही चटईवर बसलो. नवरीने आमच्या हातांवर पाणी घातले, बाईने स्वतः वाढले. आम्ही उठेपर्यंत घरचे कोणी जेवत नाही. शेवटी चणाडाळीचे, गुळाचे आणि नारळाच्या रसाचे वण आले, म्हणजे गोड खीर, आमचे मणगणेच म्हणा. मी दोनदा मागून घेतले. लाजेने उपाशी राहणाऱ्यांतला मी नव्हे.

जेवण झाल्यावर भिकाऱ्यांनी मेलेल्या माणसासाठी देवाकडे काहीतरी मागायचे असते. म्हातारीने मागितले. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यांची एकही प्रार्थना मला पाठ नव्हती. मी माझ्या मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"देवा, हा माणूस रोज माझ्या टेबलासमोर उभा राहायचा. मी त्याला कधी बस म्हटले नाही. तू म्हण."

मग ती बाई वाढायची पळी हातात तशीच धरून माझ्या बाजूला चटईवर बसली आणि म्हणाली, "आमेन."