चौदा टक्के आणि माळशेज घाट

घाटमाथ्यावर बस बाजूला घेतली तेव्हा डॅशबोर्डवर बॅटरी चौदा टक्के दाखवत होती. मुरबाड अजून पंचेचाळीस किलोमीटर. मी एसी बंद केला आणि डेपो मॅनेजरना फोन लावला.

"साहेब, निघालो त्या स्टँडवर लाईट नव्हती. चार्जिंग अर्धवट झालं."

"भोईर, रिस्क नको. तिथंच थांबा. डिझेल गाडी पाठवतो, दोन तासांत येईल."

सरकारच्या नव्या धोरणात आमच्या डेपोला इलेक्ट्रिक बस मिळाली होती. घाटातली ही ट्रायल फसली असती, तर गाडी कायमची सपाटीवरच्या रूटला गेली असती.

मागच्या सीटवरून एक गृहस्थ धावत पुढे आले. डोक्याला फेटा, घामाने कॉलर भिजलेली.

"ड्रायव्हरसाहेब, दोन तास नाय चालणार! साडेबाराचा मुहूर्त हाय मुरबाडला. मी नवरीचा मामा. तिला मांडवात कोण आणणार?"

कंडक्टर वंदनाताईंनी घड्याळ पाहिलं. साडेदहा.

मी विचार केला. या गाडीत मोटरच डायनॅमोसारखी उलटी चालते. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकं मोटर फिरवतात, गाडीचा वेग आवरतो आणि वीज परत बॅटरीत जाते. याला रीजन म्हणतात. डिझेल गाडीत हीच ताकद ब्रेक तापवण्यात वाया जाते. नेहमीचे ब्रेक वेगळे, ते शाबूत होते. शिवाय घाटाखालच्या वैशाखऱ्याला बंद पडलो, तरी तिथून लोकांना दुसरी गाडी मिळाली असती. इथं वर काय होतं?

साहेबांना हे सांगितलं. त्यांनी फोनवर विचारलं,

"गाडीच्या पुस्तकात आहे ना असं?"

"आहे. पान मी वाचलंय."

"मग घाट उतरा. सावकाश."

पहिल्या वळणापर्यंत आकडा हलला नाही. माझा उजवा पाय सवयीने सारखा ब्रेककडे जायचा, मी तो आवरायचो. बोगद्यापलीकडे वंदनाताई ओरडल्या, "पंधरा! भोईरदादा, पंधरा झाले!"

गाडीत टाळ्या. मग प्रत्येक आकड्याला मामा मागे वळून बातमी द्यायचे, "सोळा! अरे, डोंगर आपल्याला करंट देतोय!" एका म्हातारीने विचारलं, "म्हणजे सारखं उतरतच गेलं तर भरेल का गो पूर्ण?" वंदनाताई हसून लोटपोट.

वैशाखऱ्याला अठरा टक्के. तिथून मुरबाडपर्यंत मी चाळीसच्या वर गेलो नाही. स्टँडमध्ये शिरलो तेव्हा सहा टक्के उरले होते आणि मुहूर्ताला वीस मिनिटं होती. मामा रिक्षाकडे पळता पळता परत आले, खिशातले दोन पेढे माझ्या हातावर ठेवून गेले.

गाडी घाटाच्या रूटवर कायम राहिली. वरच्या स्टँडवर लाईट गेली तरी चालेल असा चार्जर मंजूर झाला. मला मात्र तीन पानी खुलासा लिहावा लागला, अर्धवट चार्जिंगवर गाडी काढलीच कशी याचा. ते बरोबरच होतं. नव्या गाडीचं पुस्तक प्रवासाला निघण्याआधी वाचायचं असतं, आणि त्यातलं पहिलं पान चार्जिंगचं असतं.