दोनदा मोजलेली पाच माणसं

बेरीज बरोबर आली म्हणजे सगळी माणसं आली, असं तुम्हालाही वाटतं का?

वस्तीतल्या वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी आम्ही तीस जण जमलो होतो. गाण्यासाठी अठरा नावं आली, नाटकासाठी बारा. "अठरा आणि बारा तीस! कुणीही सुटलं नाही," म्हणत संयोजक दिनूदादा वही मिटणार, तेवढ्यात भिंतीला टेकलेल्या शकुमावशी म्हणाल्या, "मग मी कोण रे दिनू? पाहुणी?"

गणित शिकवणाऱ्या शैलाताई हसत उठल्या. त्यांनी खडूनं फरशीवर दोन मोठी वर्तुळं काढली, एकमेकांत थोडी घुसलेली. एक गाण्याचं, एक नाटकाचं. "राहा आपापल्या जागी उभे!" दोन्हींत नाव दिलेले पाच जण मधल्या अरुंद जागेत दाटीवाटीनं उभे राहिले. त्यांत मीही होतो. दिनूदादानं आम्हाला दोनदा मोजलं होतं. तिसांतून पाच वजा केले, पंचवीस उरले. आणि वर्तुळांबाहेर भिंतीशी बरोबर पाच माणसं होती.

समतेची पत्रकं लिहिणारा मी! माझ्याच जास्तीच्या नावाखाली मावशी झाकल्या गेल्या होत्या. कुणाच्याही मनात नसताना, नुसत्या बेरजेत असे किती अन्याय होत असतील!

मी नाटकातलं माझं नाव खोडलं. "तुझं हवालदाराचं काम मला दे," मावशी म्हणाल्या, "गल्लीत रोज तेच करते." हशा पिकला. भिंतीजवळचे बाकीचे चौघे गाण्यात शिरले.

तुम्हीही यादी कराल, तेव्हा बेरजेवर थांबू नका. वर्तुळं काढा, आणि बाहेर राहिलेल्याला नावानं हाक मारा.